शेव्हर्ले ३५० चं ३८३ करताना: सुटे भाग, मापं आणि पैशांचा हिशेब

शेव्हर्लेच्या ३५० घनइंची स्मॉल ब्लॉकचा (कंपनीच्या छोट्या व्ही-८ इंजिनाचा) बोअर, म्हणजे सिलिंडरचा व्यास, ४.००० इंच आणि स्ट्रोक, म्हणजे पिस्टनची वरखाली चाल, ३.४८ इंच. हा ब्लॉक ३० थाऊ बोअर करून ४.०३० वर नेला आणि आत ३.७५ इंच स्ट्रोकचा क्रँक (पिस्टनची चाल फिरत्या गतीत बदलणारा दांडा) बसवला की तेच इंजिन ३८३ घनइंचांचं होतं. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मशीनशॉपमध्ये हीच भाषा चालते, म्हणून पुढेही तीच.) गणित करून बघा: ४.०३० चा वर्ग, गुणिले ०.७८५४, गुणिले ३.७५, गुणिले ८ सिलिंडर, उत्तर ३८२.७. नुसतं बोअर करून थांबलात तर ३५५ वरच अडकाल. बाकीचे २८ घनइंच एकटा क्रँक देतो.

आपल्याकडे जुन्या बुलेट ३५० ची ५०० झाली ती नेमकी उलट वाटेने. स्ट्रोक ९० मिलिमीटरच राहिला, बोअर ७० चा ८४ झाला. शेव्हर्लेच्या ब्लॉकमध्ये ती सोय नाही. भिंती ३० थाऊ सहज सोसतात, ६० ला जाताना घाम फुटतो. म्हणून स्ट्रोक वाढवायचा.

हा खेळ सुरू झाला तो शेव्हर्लेच्याच ४०० घनइंची स्मॉल ब्लॉकमुळे. १९७० ते १९८० या काळात आलेल्या त्या इंजिनचा स्ट्रोक ३.७५ होता, पण मेन जर्नल (क्रँकचे ब्लॉकमध्ये टेकून फिरणारे गोल भाग) २.६५ इंचाचे, ३५० चे २.४५. लोक ४०० चा क्रँक आणून त्याचे मेन जर्नल घासून २.४५ करायचे आणि ३५० च्या ब्लॉकमध्ये बसवायचे. आता ३५० च्या मापाचे जर्नल असलेले ३.७५ स्ट्रोकचे क्रँक तयार मिळतात, पिस्टन, रॉड (पिस्टन क्रँकला जोडणारा दांडा), रिंग, बेअरिंगसकट अख्खा संच हजार-बाराशे डॉलरपासून. गडबड तिथेच होते. संचाची किंमत बघून ‘दोन-अडीच हजारांत इंजिन’ असा अंदाज बांधला जातो आणि खरा आकडा त्याच्या तिप्पट निघतो.

खरेदीआधी कागदावर

आधी कळस मग पाया असं करू नका. गाडी कोणती, वजन किती, गिअरबॉक्स ऑटोमॅटिक की मॅन्युअल, मागच्या अॅक्सलचं रेशो काय, पंपावर मिळणारं पेट्रोल ९१ ऑक्टेनचं की ९३ चं, आणि इंजिन जास्तीत जास्त किती आरपीएमला फिरवणार, एवढं लिहून काढा. रस्त्यावर चालवायच्या ३८३ साठी आमचं मत ठाम आहे: पॉवरचं शिखर ५,५०० ते ५,८०० आरपीएमच्या आसपास ठेवा आणि ४०० ते ४२५ एचपी हे लक्ष्य धरा. ३८३ ची खरी मजा खालच्या आणि मधल्या टॉर्कमध्ये आहे. ६,००० आरपीएमला ३५० च्या पिस्टनचा सरासरी वेग मिनिटाला ३,४८० फूट असतो, ३८३ चा ३,७५०. प्रत्येक जादा हजार आरपीएमची किंमत रॉड बोल्ट आणि वॉल्व्ह स्प्रिंगमध्ये मोजावी लागते.

कॅलिफोर्नियात राहत असाल तर गाडीचं मॉडेल वर्ष आधी बघा. १९७५ पर्यंतच्या गाड्यांना स्मॉग तपासणी नाही. १९७६ पासूनच्यांना आहे, आणि तिथे कॅम (वॉल्व्ह उघडणारा दांडा), मॅनिफोल्ड (सिलिंडरना हवा वाटणाऱ्या नळ्या), हेडर (एक्झॉस्टच्या नळ्या) सगळ्याच निवडीला लगाम बसतो.

ब्लॉक

जुना ब्लॉक घेताना तीन गोष्टी ठरतात. पहिली, क्रँकच्या मागच्या टोकाला तेल अडवणारं मेन सील. १९८५ पर्यंत ते दोन तुकड्यांचं होतं, १९८६ पासून एका तुकड्याचं. क्रँक, ऑइल पॅन आणि फ्लेक्सप्लेट (क्रँकच्या मागे बसणारी, गिअरबॉक्सकडे जोडणारी चकती) या एकाच गोष्टीवरून बदलतात, म्हणून ब्लॉक हातात येईपर्यंत क्रँक मागवू नका. दुसरी, १९८७ पासूनच्या बऱ्याच ब्लॉकमध्ये कारखान्याच्या हायड्रॉलिक रोलर लिफ्टरची (कॅमवर चाकाने टेकून वॉल्व्ह उचलणाऱ्या भागाची) सोय असते. ती असेल तर लिफ्टरवर काहीशे डॉलर वाचतात. तिसरी, मेन कॅप (क्रँक ब्लॉकमध्ये धरून ठेवणाऱ्या पट्ट्या) दोन बोल्टचे की चार. चार बोल्टसाठी जादा पैसे मोजायची गरज ४२५ एचपीच्या इंजिनला नाही; चांगला दोन बोल्टचा ब्लॉक आणि नवे मेन स्टड पुरतात. ३९७००१० हा कास्टिंग क्रमांक दिसला की विकणारा भाव चढवतो. क्रमांकापेक्षा तडा आहे का, ते बघा.

काहीही मागवण्याआधी ब्लॉक मशीनशॉपमध्ये टाकून धुऊन घ्या, मॅग्नेटिक तपासणीत तडे बघा आणि सोनिक यंत्राने भिंतींची जाडी मोजून घ्या. आधीच कोणी ३० थाऊ बोअर केलेला ब्लॉक असेल तर ही जाडी मोजणं टाळूच नका. ओतकामात साचा सरकला असेल तर एकाच सिलिंडरची एक बाजू जाड आणि दुसरी पातळ निघते. पातळ भिंत ताण आला की वाकते, रिंग नीट टेकत नाहीत आणि इंजिन तेल खातं. ब्लॉक नापास झाला तर शे-दीडशे डॉलर गेले एवढंच. पिस्टन घेऊन ठेवल्यावर नापास झाला तर पिस्टन कपाटात.

बोअरिंग मात्र पिस्टन हातात आल्यावरच. होनिंगवाला (बोअरनंतर सिलिंडर बारीक घासून नेमक्या मापाचा करणारा) प्रत्यक्ष पिस्टन मायक्रोमीटरने मोजून त्याप्रमाणे अंतर ठेवतो. होनिंग करताना ब्लॉकवर टॉर्क प्लेट लावायला सांगा. हेडचे (सिलिंडरवरच्या, वॉल्व्ह असलेल्या झाकणाचे) बोल्ट आवळले की सिलिंडर किंचित वेडावाकडा होतो. प्लेट लावून तोच ताण दिला तर होन केलेलं भोक इंजिन जुळल्यावरही गोल राहतं. प्लेट नसलेलं दुकान स्वस्त पडतं, पण आमच्या मते ते दुकान बदलावं.

क्रँक, रॉड, पिस्टन आणि बॅलन्स

४२५ एचपी आणि ६,००० आरपीएमच्या आत राहणार असाल तर ओतीव क्रँक चालतो. फोर्ज्ड (घडीव) क्रँकला जाणारे सहा-सातशे डॉलर हेडमध्ये घातले तर पॉवर मिळते; क्रँकमध्ये घातले तर मनःशांती. नायट्रस (जादा पॉवरसाठी इंजिनात सोडायचा वायू) किंवा सुपरचार्जर (हवा दाबून भरणारा पंप) कधीतरी लावायचाच आहे, अशी स्वतःशी कबुली असेल तर मात्र पहिल्यापासून फोर्ज्ड क्रँक आणि फोर्ज्ड पिस्टन घ्या. हायपरयुटेक्टिक (जास्त सिलिकॉनच्या अॅल्युमिनियमचा ओतीव) पिस्टन ठिसूळ असतो, डिटोनेशनमध्ये (मिश्रणाच्या अवेळी स्फोटात) रिंगमधली पट्टी तुटून खाली येते.

रॉड ५.७ इंची की ६.० इंची, यावर लोक तासन्‌तास भांडतात. हिशेब असा: ब्लॉकची डेक उंची (क्रँकच्या मध्यापासून ब्लॉकच्या वरच्या सपाट पृष्ठभागापर्यंत, तोच डेक) ९.०२५ इंच. स्ट्रोकचा अर्धा १.८७५, रॉड ५.७, पिस्टनच्या पिनपासून माथ्यापर्यंत १.४२५, बेरीज ९.०००. ६ इंची रॉडला पिस्टन १.१२५ चा लागतो, बेरीज तीच. लांब रॉडचा पिस्टन हलका असतो, सिलिंडरच्या भिंतीवर रेटा कमी पडतो आणि क्रँक आतल्या आत बॅलन्स करणं सोपं जातं. पण पिनचं भोक ऑइल रिंगच्या खाचेत शिरतं आणि तिथे आधाराची वेगळी पट्टी बसवावी लागते. रस्त्याच्या इंजिनात दोन्हीतला फरक स्टिअरिंगवर बसलेल्याला कळत नाही. रॉड मात्र नटबोल्टचा न घेता कॅपस्क्रूचा घ्या; त्याचा खांदा आखूड असतो आणि पुढे घासकाम कमी लागतं.

बॅलन्सच्या बाबतीत होणारी चूक फार महाग पडते. स्वस्त ३.७५ चे क्रँक बहुधा बाहेरून बॅलन्स करायचे असतात, म्हणजे वजनाचा काही हिस्सा पुढच्या डँपरवर (क्रँकच्या टोकावरच्या, थरथर शोषणाऱ्या चाकावर) आणि मागच्या फ्लेक्सप्लेटवर असतो. त्यांना ४०० च्या धर्तीचा डँपर लागतो. ३५० चा जुना, समतोल डँपर ‘बसतोय ना’ म्हणून ठोकून दिला तर २,५०० आरपीएमपासून गाडी थरथरते आणि मेन बेअरिंगचं आयुष्य संपतं. एका तुकड्याच्या सीलच्या इंजिनात तर आतून बॅलन्स केलेल्या क्रँकलासुद्धा मागे वजन असलेली फ्लेक्सप्लेट लागते. संच मागवताना सीलचा प्रकार आणि बॅलन्सचा प्रकार दोन्ही लेखी विचारा. डँपर आणि फ्लेक्सप्लेट त्याच ऑर्डरमध्ये घ्या आणि सगळं एकत्र बॅलन्सला द्या. संचावर ‘बॅलन्स केलेला’ असं लिहिलेलं असलं तरी मशीनशॉपकडून पडताळून घ्या.

घासकाम: इथे घाई नाही

लांब स्ट्रोकमुळे रॉडचं मोठं टोक ब्लॉकच्या आत अधिक बाहेर झेपावतं. ते दोन ठिकाणी अडतं: सिलिंडरच्या खालच्या कडेला व ऑइल पॅनच्या पट्टीला, आणि वर कॅमच्या लोबला (वॉल्व्ह उचलणाऱ्या उंचवट्याला).

तात्पुरती जुळणी करा. मेन बेअरिंग तेल लावून बसवा, क्रँक ठेवा, कॅप आवळा. एकेक रॉड-पिस्टन रिंगशिवाय टाका आणि क्रँक हाताने सावकाश फिरवा. रॉडचा बोल्ट ब्लॉकच्या जवळ येतो तिथे ६० थाऊ जाडीची तार सरकवून बघा. तार अडली तर तिथे मार्करने खूण करा आणि पुढच्या सिलिंडरकडे जा. आठही झाल्यावर सगळं बाहेर काढा, बेअरिंगची घरं आणि तेलाच्या वाटा टेपने झाका आणि कार्बाइड बर लावलेल्या डाय ग्राइंडरने फक्त खुणांवर घासा. एका दमात खोल जाऊ नका. पॅनच्या पट्टीमागे काही जागी पाण्याचं जॅकेट जवळ असतं. भोक पडलं की ब्लॉक भंगारात. दोन मिनिटं घासा, क्रँक टाकून बघा, परत काढा. कंटाळवाणं आहे, पण दुसरा मार्ग नाही.

कॅमची तपासणी वेगळी. कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून टायमिंग चेन लावून, कॅम जिथे ठेवायचा त्याच अंशावर ठेवून क्रँकचे पूर्ण दोन फेरे घ्यावे लागतात. एका फेऱ्यात जो लोब लांब वाटला तोच दुसऱ्या फेऱ्यात रॉडच्या खांद्याला घासताना दिसतो. इथेही किमान ५० ते ६० थाऊ हवेत. कमी पडले तर आखूड बेस सर्कलचा (लोबचा गोल भाग लहान असलेला) कॅम घ्या किंवा रॉडचा खांदा बनवणाऱ्याने सांगितलेल्या मर्यादेतच उतरवा. नंतर कॅम दोन-चार अंश पुढेमागे केला तर ही तपासणी पुन्हा.

हे सगळं शेवटच्या धुलाईआधी आणि बॅलन्सिंगआधी उरकायचं. घासलेल्या बिडाची भुकटी तेलाच्या वाटेत राहिली तर पहिल्या दहा मिनिटांत नवे बेअरिंग चरे पडून जातात. म्हणून काम संपल्यावर गॅलरीचे सगळे प्लग काढून लांब ब्रशने आणि साबणाच्या गरम पाण्याने धुवा. पांढरं फडकं सिलिंडरमधून फिरवून काळं निघायचं थांबेपर्यंत.

कॉम्प्रेशनचं गणित

एका सिलिंडरचं आकारमान ७८४ सीसी. हेडचा चेंबर (मिश्रण जळण्याची पोकळी) ६४ सीसी, दाबल्यावर ४१ थाऊ राहणारी ४.१०० बोअरची गॅस्केट ८.९ सीसी, पिस्टनच्या माथ्यावरची वाटी १२ सीसी. ब्लॉकचं डेक न घासता पिस्टन २५ थाऊ खाली राहिला तर आणखी ५.२ सीसी. बेरीज ९०.१, कॉम्प्रेशन रेशो (मिश्रण किती पट दाबलं जातं: ७८४ अधिक ९०.१, भागिले ९०.१) ९.७. डेक २० थाऊ घासून पिस्टन ५ थाऊवर आणला तर १०.१.

रेशो वाढतो ही झाली दुय्यम गोष्ट. पिस्टनच्या सपाट भागात आणि हेडमध्ये राहणारी फट पहिल्या वेळी ६६ थाऊ होती, दुसऱ्या वेळी ४६. ही फट ४० च्या आसपास असली की मिश्रण चेंबरच्या मध्यात जोराने ढकललं जातं आणि इंजिन नॉकिंगला सहज बळी पडत नाही. म्हणून जरा जास्त कॉम्प्रेशनचं पण घट्ट फटीचं इंजिन कधीकधी कमी कॉम्प्रेशनच्या सैल इंजिनपेक्षा शांत चालतं. अॅल्युमिनियम हेड आणि ९१ ऑक्टेनला १०.० ते १०.२ ठेवा, बिडाच्या हेडला साडेनऊच्या आसपास. त्याच ६४ सीसी हेडवर ५ सीसीच्या सपाट पिस्टनचा संच स्वस्त दिसला म्हणून घेतला आणि डेक पूर्ण घासलं तर रेशो ११ च्या वर जातो. मग पंपावरचं पेट्रोल विसरा.

हेड, कॅम आणि त्यांच्या मागून येणारं

एचपी हेडमधून येतात. ढोबळ नियम: इनटेक पोर्टमधून जितके सीएफएम (मिनिटाला घनफूट हवा) जातात त्याच्या दुप्पट एचपीची कमाल मर्यादा. सत्तरीतली ७६ सीसी चेंबरची जुनी बिडाची हेड ३८३ चा गळा आवळतात. बजेट तंग असेल तर १९९६ ते २००० मधली व्होर्टेक हेड, कास्टिंगचे शेवटचे आकडे ०६२ किंवा ९०६, ६४ सीसी चेंबरची, हा उत्तम सौदा. दोन अटी आहेत: त्यांना वेगळा आठ बोल्टचा इनटेक मॅनिफोल्ड लागतो, आणि मूळ अवस्थेत वॉल्व्हची उचल साधारण ४६० थाऊच्या पुढे गेली तर रिटेनर (स्प्रिंग धरणारी टोपी) गाइडवर (वॉल्व्हच्या दांड्याच्या नळीवर) आपटतो. पैसे असतील तर १८० ते १९५ सीसी पोर्टची अॅल्युमिनियम हेड. २२० सीसीची मोठी पोर्ट रस्त्यावर खालचा टॉर्क घालवतात.

कॅम निवडताना बहुतेक जण नाकापेक्षा मोती जड करून ठेवतात. ५० थाऊ उचलीवर मोजलेली ड्युरेशन (वॉल्व्ह उघडा राहण्याचा काळ, क्रँकच्या अंशांत) २१८ ते २३० अंश, लोबमधलं अंतर ११० किंवा ११२ अंश, हायड्रॉलिक रोलर, बस. फ्लॅट टॅपेट (सपाट लिफ्टरचा) कॅम दोन-तीनशे डॉलरने स्वस्त असतो, पण सुरुवातीची वीस-तीस मिनिटं चुकली किंवा तेलात पुरेसं झिंक नसलं तर लोब साफ घासला जातो आणि त्याची भुकटी नव्या बेअरिंगमधून फिरते. तिथे वाचवलेले पैसे आम्हाला पटत नाहीत. स्टीलच्या रोलर कॅमला डिस्ट्रिब्युटरचा गिअर कोणत्या धातूचा चालतो ते कॅमच्या कागदावर वाचा. साधा गिअर त्यावर लवकर झिजून जातो. २२५ अंशांच्या पुढे गेलात तर ऑटोमॅटिकमध्ये २,४०० ते २,८०० आरपीएम स्टॉलचा टॉर्क कन्व्हर्टर (इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला द्रवाचा दुवा) आणि मागे किमान ३.५५ चं रेशो धरूनच चाला, आणि हा खर्च इंजिनच्या यादीत आधीच लिहा.

कार्ब्युरेटर: ३८३ गुणिले ५,८०० भागिले ३,४५६, उत्तर ६४३ सीएफएम, तेही सिलिंडर शंभर टक्के भरले तर. ६५० ते ७५० मधला कोणताही चांगला कार्ब्युरेटर चालेल. ८५० नको.

डॉलरचा हिशेब

आकडे ढोबळ आहेत, राज्यागणिक आणि दुकानागणिक बदलतात. कोर (जुना) ब्लॉक ३०० ते ६००. मशीनशॉप १,२०० ते १,८००, यात धुलाई, तपासणी, बोअर-होन, डेक, मेनचं होनिंग, कॅम बेअरिंग आणि बॅलन्स. फिरणारा संच ओतीव क्रँकचा १,००० ते १,४००, फोर्ज्ड २,००० ते २,६००. हेडची जोडी १,४०० ते २,२००. कॅम, लिफ्टर, पुशरॉड, टायमिंग सेट ८०० ते १,३००. मॅनिफोल्ड आणि कार्ब्युरेटर ८०० ते १,०००. डँपर व फ्लेक्सप्लेट २५० ते ३५०. गॅस्केट, स्टड, ऑइल पंप, पॅन ५०० ते ७००. इग्निशन ३०० ते ५००. खालच्या बाजूची बेरीज साडेसहा हजार, वरची अकरा हजार. त्यावर पंधरा टक्के बाजूला ठेवा. ते खर्च होतातच: पुशरॉडची लांबी जुळत नाही, एखादं सिलिंडर स्लीव्ह करावं (आत नवी नळी बसवावी) लागतं, हेडर स्टिअरिंगच्या दांड्याला अडतो.

काटकसर करायची तर क्रोम कव्हर, फोर्ज्ड क्रँक, महागडा एअर क्लीनर आणि चार बोल्टचा ब्लॉक यांवर करा. मशीनशॉप, रॉड बोल्ट, बेअरिंग आणि डँपर यांवर नाही. हातात मायक्रोमीटर, बोअर गेज आणि डायल इंडिकेटर नसेल आणि घ्यायचाही नसेल, तर शेव्हर्ले परफॉर्मन्सचं हमीसकट तयार ३८३ विकत घेणं जास्त शहाणपणाचं.

जुळणीची मापं आणि पहिली किल्ली

मेन बेअरिंगची फट दोन ते अडीच थाऊ, म्हणजे ०.००२० ते ०.००२५ इंच, रॉडची तेवढीच. वरच्या रिंगचं तोंड (तिच्या दोन टोकांमधली फट) बोअरच्या ०.००४५ पट, म्हणजे १८ थाऊ. दुसऱ्या रिंगचं २०. नायट्रस असेल तर दोन्ही जास्त, रिंगच्या कागदाप्रमाणे. वॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये माती ठेवून मोजा: इनटेकला किमान ८० थाऊ, एक्झॉस्टला १००. मेन कॅप ७० फूट-पाउंड, हेड बोल्ट ६५, पण स्टड आणि त्यांचं वंगण वेगळं असेल तर बनवणाऱ्याचाच आकडा. रॉड बोल्ट टॉर्कपेक्षा ताण मोजणाऱ्या गेजने आवळा. ऑइल पिकअप (पॅनमधलं तेल शोषणारी नळी) पॅनच्या तळापासून पाव ते तीन अष्टमांश इंच वर हवा. आणि तो पंपाला वेल्डिंगचा टाका मारून पक्का करा, नाहीतर थरथरीने निसटतो.

डिस्ट्रिब्युटर बसवण्याआधी जुन्या डिस्ट्रिब्युटरपासून बनवलेला प्राइमिंग दांडा ड्रिलला लावून पंप घड्याळाच्या दिशेने फिरवा. नुसता स्क्रूड्रायव्हर चालत नाही. दांड्याचं अंग लिफ्टर गॅलरी बंद करतं, ते नसेल तर दाब बनत नाही. कोणीतरी क्रँक हळूहळू फिरवत राहावा, आणि सोळाही रॉकरवर तेल दिसेपर्यंत ड्रिल थांबवू नये. इंजिन सुरू झाल्यावर रिकामं घुमवत बसू नका. गळती आणि तेलाचा दाब बघा, टायमिंग लावा आणि गाडी रस्त्यावर काढून वेग वाढवणं, सोडणं असं दहा-बारा वेळा करा. रिंग भाराखालीच बसतात. पन्नास मैलांवर तेल बदला, फिल्टर कापून कागदाच्या घड्या उलगडा आणि उन्हात धरून बघा. बारीक राखाडी चमक चालते. तांब्याच्या रंगाचा कण दिसला तर पॅन उतरवा.